श्री रतन पीठ, भिंगार

रतनबाईंच्या गिरणीला नाव नाही, ही गोष्ट एकतीस वर्षांत कुणाच्या लक्षात आली नव्हती. ती माझ्या लक्षात आली आणि तिथून सगळं बिघडलं.

नाव नव्हतं कारण कधी लागलंच नव्हतं. "रतनबाईकडं दळण टाकून या," एवढं म्हटलं की भिंगारमधला कुठलाही डबा बरोबर त्या निळ्या दाराशी पोचायचा. यात सुधारणा करावी असं देवालाही वाटलं नसेल. पण मी कार्यशाळेला जाऊन आलो होतो.

निवृत्तीनंतर माणसानं काय काय करू नये याची यादी कुणी करत नाही. केलीच, तर तिच्यात पहिला क्रमांक मोफत कार्यशाळांना द्यावा. नगरच्या सावेडी भागातल्या एका हॉलमध्ये 'छोट्या व्यवसायांसाठी ऑनलाइन मार्केटिंग' असा एक दिवसाचा वर्ग होता, चहा-नाश्त्यासह. मला छोटा व्यवसाय नव्हता, मोठाही नव्हता. मी राहुरीच्या विद्यापीठात चौतीस वर्षं आस्थापना विभागात होतो, हेडक्लार्क म्हणून बाहेर पडलो. पण त्या ज्योती मॅडमनी एकेकाला उभं करून व्यवसाय विचारला, तेव्हा पुढच्याचं ब्यूटी पार्लर, मागच्याचा रसवंतीचा गाडा, आणि मध्ये मी. मी म्हणालो, "सल्लागार." मॅडमनी "वा!" म्हटलं. त्या एका 'वा'ची किंमत पुढे सगळ्या गल्लीनं मोजली.

"जो नकाशावर नाही, तो बाजारात नाही," असं मॅडम म्हणाल्या. मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी बाजारातून परत येताना रतनबाई गिरणीच्या दारात स्टुलावर बसलेल्या दिसल्या. सकाळचे अकरा. या वेळेला पूर्वी डब्यांची रांग पार नळापर्यंत यायची. आज दोन डबे होते आणि गिरणी बंद होती. कोपऱ्यावर तीन-चार वर्षांपूर्वी नवं दुकान झालं होतं, गुलाबी दिव्यांचं. तिथे पीठ पाकिटात मिळतं. मोबाईलवर बोट दाबलं की घरी येतं, वर धान्यांची चित्रं असतात.

मी थांबलो. "रतनबाई, तुम्ही नकाशावर नाही."

"न्हाई का?" रतनबाईंनी जरा घाबरून पायाखाली बघितलं. "मंग कुठं हाय?"

मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात ती बाई पटाईत. एकतीस वर्षं गिरणीच्या आवाजात लोकांचं ऐकत आली आहे. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, तुमी शिकल्याली मानसं. गिराईक येत आसंल तर करा. फकस्त गिरनीला काय हुयाला नको."

घरी आल्यावर शोभाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "अहो, त्या बाईचं जे काही आहे ते बरं चाललंय. तुम्ही हात लावू नका."

हिला कल्पना नव्हती, की फॉर्म हा माझा प्रांत आहे. चौतीस वर्षांत मी भरलेला एकही फॉर्म त्रुटी काढून परत आलेला नाही. पुण्यातल्या शिवाजीनगरच्या कचेऱ्यांचे, मंत्रालयाचे, सगळे एका दमात मंजूर. मोबाईलवरचा नकाशा मंत्रालयापेक्षा अवघड तो काय असणार?

फॉर्मचा पहिलाच रकाना होता: 'तुमच्या व्यवसायाचे नाव.'

संध्याकाळी कट्ट्यावर विषय काढला. कट्ट्यावर गोरक्षनाथ असतात. आमचे शेजारी, लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते. वस्तू जितकी जड तितकी चांगली असं त्यांचं आयुष्यभराचं मत, आणि ते नावांनाही लागू आहे.

"शामराव, 'रतन फ्लोअर मिल्स अँड सन्स' ठेवा. वजन येतं."

"त्यांना मुलगा नाही हो. एकच मुलगी, ती नाशिकला असते."

"मग सन्स काढा. नुसतं 'अँड' राहू द्या."

मी साधं नाव नक्की केलं, 'रतन पिठाची गिरणी'. पण नकाशावाल्यांची अट अशी, की दारावर त्याच नावाची पाटी पाहिजे. म्हणून बन्सी पेंटरला बोलावलं. बन्सीचा हात चांगला. मात्र तो वर्षभर देवळांच्या कमानी, सप्त्याचे फलक आणि अन्नछत्राच्या पाट्या रंगवतो. घरच्या लग्नाची यादी जरी लिहायला दिली तरी सुरुवातीला 'श्री' काढून दोन्ही बाजूंना कमळं काढेल.

मी त्याला नाव कागदावर लिहून दिलं आणि भाजी आणायला गेलो. एवढाच माझा अपराध. परत आलो तर पाटी दारावर चढलेली. भगव्या रंगावर पिवळी अक्षरं. वर 'श्री'. मध्ये, हत्तीसुद्धा लांबून वाचेल अशा अक्षरांत, 'रतन पीठ'. खाली 'भिंगार'. दोन कमळं.

"बन्सी, गिरणी कुठे गेली?"

"पत्रा चारच फुटी हाय, साहेब. 'पिठाची गिरनी' बसत नव्हतं. मंग 'पीठ' घेतलं. आन गिरनी काय, आवाजावरनं कळतीच की."

मी पुसायला सांगणार होतो. शप्पथ सांगतो, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात रतनबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांना वाचता येतं, पण सावकाश. त्यांनी एकेका अक्षरावरून हवेत बोट फिरवलं. र. त. न. मग पुन्हा पहिल्यापासून. घराचा उतारा दिराच्या नावावर, लाइटचं बिल वारलेल्या नवऱ्याच्या नावावर. आपलं नाव एवढं मोठं लिहिलेलं त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

"लई झ्याक झालं," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन उगाचच गिरणी चालू केली.

आता कुणाच्यानं पुसवलं असतं?

जी पाटी तेच नाव, असं करून मी फॉर्म भरला. प्रकार निवडायचा होता तिथे 'पिठाची गिरणी' हाच निवडला, हे मी सर्व्हिस बुकावर हात ठेवून सांगायला तयार आहे. फोन नंबर माझा दिला, कारण रतनबाईंचा साधा फोन पत्र्याच्या पेटीत असतो आणि गिरणी चालू असताना तो वाजलेला फक्त पेटीलाच कळतो. वेळ दिली: सकाळी नऊ ते एक, चार ते सात. शनिवारी लाइट नसते, म्हणून शनिवारी बंद.

पत्त्यावर अडलं. दुकानाच्या जुन्या दाखल्यावर जिल्हा अहमदनगर, नकाशावर अहिल्यानगर. उत्तर आलं, पत्ता जुळत नाही. मी दोन्ही नावं लिहिली. उत्तर आलं, एका व्यवसायाचे दोन गावांत पत्ते असू शकत नाहीत. गाव एकच आहे, नाव बदललंय, असं मी सविस्तर पत्र लिहिलं, विषय आणि संदर्भासकट, खाली 'आपला विश्वासू'. त्यावर 'तुमचा अनुभव कसा होता?' असं विचारून पाच हसरे-रडके चेहरे आले. चौतीस वर्षांत मला कुठल्याही कार्यालयानं असं वागवलं नव्हतं.

मग व्हिडिओ. रस्ता, पाटी, दार आणि आतलं यंत्र, हे सगळं न थांबता एका दमात दाखवायचं. पहिल्या वेळी गोरक्षनाथ मध्येच आले, सावधानमध्ये उभे राहिले आणि खणखणीत आवाजात आपलं नाव, जन्मतारीख आणि पेन्शनचा नंबर म्हणाले. त्यांना वाटलं, मी हयातीचे दाखले काढतोय. दुसऱ्या वेळी लाइट गेली. तिसऱ्या वेळी सगळं जमलं. उरला फक्त आतला एक फोटो.

तो फोटो काढायला मी गिरणीत शिरलो. पीठ जिच्यातून खाली पडतं ती कापडी नळी नेमकी त्याच वेळी निसटली. क्षणात मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. डोळ्यांत गेलं म्हणून गव्हाच्या पोत्यावर मांडी घालून बसलो, चष्मा पुसायला मोबाईल रतनबाईंच्या हातात दिला. त्या मोबाईल उलटसुलट करून बघायला लागल्या. मी हात वर करून ओरडलो, "थांबा! काही दाबू नका!" त्यांनी दाबलं.

तो फोटो मी नंतर पाहिला. पोत्यावर पद्मासन, सर्वांग शुभ्र, उजवा हात आशीर्वादाला उठलेला, आणि मागच्या झरोक्यातून उन्हाचा झोत बरोबर डोक्यामागे. मी तो काढून टाकणार होतो. पण सर्वांत शेवटचा फोटो म्हणून मोबाईलनं तोच उचलला आणि पाटीच्या शेजारी लावून टाकला.

'अभिनंदन! तुमचा व्यवसाय आता नकाशावर आहे.' शोभानं शिरा केला. मनात नसताना केला, पण केला.

पाचव्या दिवशी सकाळी पहिला फोन आला.

"रतन पीठ का?" बाईंचा आवाज अगदी नम्र होता.

"हो, बोला."

"आज दर्शन आहे ना?"

मला वाटलं, गिरणी बघायला यायचं असेल. हल्ली लोक काहीही बघायला जातात. "या ना. नऊ वाजता उघडतं."

"काय घेऊन यायचं असतं?"

"गहू. पण घरून निवडून आणा. इथे निवडून मिळणार नाहीत."

"आणि किती आणायचे?"

"पाच किलो तरी. त्याहून कमी असेल तर यंत्रात दुसऱ्यांचं मिसळतं."

"बरं," बाई क्षणभर थांबून हळूच म्हणाल्या, "आणि काही मागायचं असेल तर?"

"जाड की बारीक ते आधीच सांगा. नंतर तक्रार चालत नाही."

पलीकडून त्यांनी एक खोल श्वास घेतला. "किती खरं आहे, महाराज," असं म्हणून फोन ठेवला.

'महाराज' हे मी तेव्हा मनावर घेतलं नाही. आमच्याकडे आचाऱ्यालाही महाराज म्हणतात. पण साडेनऊला गाडी आली. शनिशिंगणापूरहून मोहटादेवीला निघालेलं एक कुटुंब होतं. चपला रस्त्यात काढल्या, पाटीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि आत जाऊन चालत्या गिरणीसमोर डोळे मिटून बसले. रतनबाईंनी त्यांना विचारलं, "डबा कुठाय?" त्यांनी नारळ पुढे केला.

मी मोबाईल उघडला. 'श्री रतन पीठ, भिंगार' याच्याखाली 'पिठाची गिरणी' नव्हतं. 'धार्मिक स्थळ' होतं. कुणा सज्जनानं पाटी बघून, फोटो बघून, माझी चूक सुधारली होती. खाली, आमच्या नकळत येऊन गेलेल्यांचे अभिप्राय:

'अखंड नाद चालू असतो. डोळे मिटले की देहभान हरपतं.'

'महाराज अत्यंत साधे. अंगाला भस्म, डोळ्यांत करुणा.' (डोळ्यांत पीठ होतं.)

'शनिवारी गेलो. लाइट नसल्याने देवत्व जाणवले नाही. एक स्टार.'

मी तत्काळ दुरुस्ती पाठवली. उत्तर आलं: 'तुमचा बदल स्वीकारता आला नाही. इतर अनेकांच्या मते सध्याची माहिती बरोबर आहे.' मी पुन्हा पाठवली, पुन्हा तेच. गिरणीपासून चाळीस पावलांवर राहणाऱ्या माणसाचं गिरणीबद्दलचं मत अल्पमतात गेलं होतं.

ज्योती मॅडमना फोन केला. त्या आनंदानं ओरडल्याच. "काका, आठ दिवसांत एवढा रीच? लोकांना पैसे खर्चून असं जमत नाही!"

"मॅडम, गहू येत नाहीत. नारळ येतायत."

"येऊ द्या हो. आधी माणसं येतात, मग धंदा येतो."

माणसं मात्र आली. आमचा जिल्हा देवदर्शनाचा. एका देवाकडून दुसऱ्याकडे जाताना वाटेत तिसरा असला तर लोकांना बरंच असतं. रोज दोन-तीन गाड्या थांबायला लागल्या. गोरक्षनाथांनी डेपोतला जुना अनुभव काढला. चपलांसाठी खडूनं चौकोन आखले, आत जायचा आणि बाहेर यायचा रस्ता वेगळा केला, आणि "शामराव, एक ट्रस्ट करू, जबाबदारी माझी," म्हणायला लागले. चौकीवरचे एक हवालदार येऊन सभ्यपणे विचारून गेले, की उत्सव कोणत्या तिथीला असतो, बंदोबस्त किती लागेल. मी म्हणालो, ही गिरणी आहे. ते म्हणाले, "असू द्या, पण तिथी कळवा."

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती मी गाळणार होतो, पण शोभानं हे वाचलं तर ती स्वतः घालेल, म्हणून मीच सांगतो. मला ते थोडं आवडायला लागलं होतं. चौतीस वर्षं नोकरी केली, पण माझ्या पाया पडला तो फक्त एक शिपाई, तेही रुजू होण्याच्या दिवशी. आणि आता डॉक्टर, वकील वाकत होते. मी नाही-नाही म्हणायचो, पण ते 'नाही' दिवसेंदिवस हळू होत गेलं. फोनवर मी संथ आवाजात बोलायला लागलो. दुसऱ्या आठवड्यात कपाटातला पांढरा झब्बा बाहेर काढला.

"झब्बा कुणासाठी?" शोभानं विचारलं.

"उकडतंय म्हणून."

"डिसेंबरात?"

मी उत्तर दिलं नाही. मौनाचं महत्त्व मला त्या दिवसांत पटलेलं होतं.

त्या संध्याकाळी रतनबाई घरी आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत, उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"भाऊ, बाया गिरनीवर नारळ फोडत्यात. पानी पट्ट्यावर गेलं, पट्टा सटकला. सत्यशीलाबाई डबा घेऊन आल्त्या, आत याला वाट न्हाई म्हनून परत गेल्या. होत्या त्या चार गिराईकांतल्या त्या एक."

"मी दुरुस्ती पाठवली आहे, रतनबाई. ते ऐकत नाहीत."

"ती काय मला कळत न्हाई. कालच्या बाईनं चिमूटभर पीठ पुडीत बांधून नेलं, आजाऱ्याला द्यायला. मी म्हनलं, बाई, गव्हाचं हाय. ती हसली निसती. तिला वाटलं, मी परीक्षा बघती." त्यांनी पदराला लागलेलं पीठ झटकलं. "एकतीस वर्सांत मी कुनाच्या गव्हात मूठभर भेसळ केली न्हाई. आता ह्यो खोटेपना माज्या नावाखाली चाललाय. तुमी तेवढं थांबवा."

त्या गेल्या. झब्बा मी आत जाऊन खुंटीला लावला. शोभा काही बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं, म्हणजे मला निदान चिडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. दारात पंधरा-वीस माणसं होती. मी साध्या बुशशर्टात गेलो. सगळ्यांना एकदम सांगायचं ठरवलं होतं, भाषण पाठ केलं होतं. तेवढ्यात रांगेतली पहिली म्हातारी खाली वाकली आणि तिनं माझे पाय धरले. नुसते शिवले नाहीत, धरले. डोक्यावरचं गव्हाचं गाठोडं तिनं शेजारी ठेवलं होतं. नाव पुष्पावती, पारनेरकडच्या एका गावाची. पंचाहत्तरी उलटलेली, त्यामुळे एसटीला तिकीट नाही, म्हणून कुणाच्या तरी मोबाईलवर फोटो बघून एकटी आली. स्टँडपासून चालत. उपाशी.

"म्हाराज, माजी लेक दोन वर्सं झाली बोलत न्हाई माज्याशी. हितं नगरातच ऱ्हाती. कशावरनं भांडलो ती बी आता ध्यानात न्हाई."

भाषण विसरलो. मी खाली तिच्यासमोर जमिनीवरच बसलो.

"आजी, मी महाराज नाही. मी शामकांत. राहुरीला विद्यापीठात हेडक्लार्क होतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मंग फोटूत ती राख?"

"राख नाही. पीठ सांडलं होतं अंगावर."

रांगेत कुजबुज झाली. मागचा एक गृहस्थ पुढे आला. "मग या पीठाचे पीठाधीश कोण आहेत?"

आतून, गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून, रतनबाई ओरडल्या, "पीठ हाय! अधीश न्हाई कुनी!"

 मग कुणीतरी हसलं, कुणी चिडलं. एकानं "लाज वाटत नाही का?" असं विचारलं, आणि वाटत होती म्हणून मी "वाटते" म्हणालो. एकानं आपला नारळ परत मागितला. गोरक्षनाथांनी तो शोधून दिला आणि सवयीनं पोच मागितली. दहा मिनिटांत गल्ली रिकामी झाली. खडूचे चौकोन तेवढे उरले.

पुष्पावती आजी तिथेच बसून होती. मला वाटलं, आता ही रडणार. तिनं गाठोडं ओढून घेतलं. "मंग ही गहू काय परत वाहून न्हेऊ? दळान तरी द्या."

रतनबाईंनी तिला आत नेलं, स्टुलावर बसवलं, चहा आणि बिस्कीट दिलं. गहू वर ओतायला हात उचलला आणि थांबल्या. "लेकीचा नंबर हाय का?"

आजीनं चोळीतून कागद काढला. घडी इतकी झिजली होती, की आकडे घडीवरच पुसायला आले होते. "लावला न्हाई कदी. उचलला न्हाई तर?"

"न्हाई उचलला तर दळान हुस्तवर परत लावू. भाऊ, तुमचा मोबाईल द्या."

मी नंबर लावून दिला. रतनबाईंनी गिरणी बंद केली. इतक्या दिवसांत मी ती जागा पहिल्यांदाच शांत ऐकत होतो. पलीकडे उचललं गेलं. आजीनं मोबाईल दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "मी हाय गं... न्हाई, काय न्हाई झालं मला. भिंगारला आलीये. दळान टाकलंय." पलीकडचं आम्हाला ऐकू आलं नाही. आजी नुसती "व्हय, व्हय" म्हणत होती. मध्येच म्हणाली, "तुज्याकडं याची वाट कोनती, ती सांग या भाऊला." मी पत्ता लिहून घेतला. आत्तापर्यंत माझ्या मोबाईलवर बरोबर पोचलेला तो एकच पत्ता.

पीठ झालं. आजीनं ते चिमटीत घेऊन बघितलं, बोटांवर चोळलं, रतनबाईंकडे मान हलवली आणि गेली. गोरक्षनाथांनी तिचं गाठोडं रिक्षापर्यंत उचललं. कट्ट्यावर कुणाला सांगू नका म्हणाले.

त्याच दुपारी मी नकाशावरून गिरणी काढायला बसलो. 'हटवा' म्हटलं, तर म्हणे, लोकप्रिय स्थळ हटवता येत नाही. खूप शोधल्यावर एकच पर्याय मिळाला: 'कायमचे बंद.' म्हटलं, ठीक आहे, नकाशावर बंद, गल्लीत चालू. रतनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांच्यापुरतं बंद ना? मंग करा." दाबलं. या वेळेला मात्र तो बदल अर्ध्या मिनिटात स्वीकारला गेला. माझं खरं कुणी मानलं नव्हतं, खोटं लगेच मानलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दारावर थाप. सत्यशीलाबाई. डोळे लाल. "शामकांतभाऊ, खरं का हो? रतनबाईची गिरणी कायमची बंद?"

मी खुलासा करायला तोंड उघडणार, तर मागे आणखी दोघी. गल्लीतल्या सगळ्यांनी गेले पंधरा दिवस मोबाईलवर ते अभिप्राय वाचण्याचा छंदच लावून घेतला होता, हे मला ठाऊक नव्हतं. रात्रीत सगळ्यांनी 'कायमचे बंद' वाचलं होतं. कुणी म्हणालं, माझ्यामुळे पोलीस आले. कुणी म्हणालं, रतनबाई नाशिकला लेकीकडे चालल्या. एकीनं तर त्या गेल्याच, असं गृहीत धरून पांढरं पातळ नेसलं होतं.

आम्ही सगळे गिरणीकडे गेलो. रतनबाई दार उघडून पट्टा नीट बसवत होत्या. एवढी माणसं बघून म्हणाल्या, "आता कुनाचं दर्शन?"

 मग सत्यशीलाबाई म्हणाल्या, "अगं, मला वाटलं, तू बंद केलंस."

"मी कशाला बंद करू? गिराईक बंद करतं, गिरनी न्हाई."

सहज म्हणाल्या त्या, टोमणा म्हणून नव्हे. पण तिथल्या प्रत्येकानं मान खाली घातली. घरोघरी फळीवर गुलाबी पाकिटं होती, हे सगळ्यांना सगळ्यांबद्दल माहीत होतं. एकेक जण घराकडे वळला, आणि थोड्या वेळानं डबा घेऊन परत यायला लागला. माळ्यावरचे, धुळीचे, झाकण अडकलेले डबे. गोरक्षनाथ सगळ्यात मोठा डबा घेऊन आले, पितळी. आत चार किलोसुद्धा गहू नव्हते.

मी घरी आलो. शोभा स्टुलावर चढून माळ्यावरून आमचा डबा काढत होती. तीन वर्षं आमच्याकडेही पाकिटातलंच पीठ येत होतं. रतनबाईंना गिऱ्हाईक मिळावं म्हणून मी रस्त्याचे, पाटीचे, यंत्राचे व्हिडिओ काढले, परगावच्या लोकांना बोलावलं. पण स्वतःच्या घरातला डबा मला दिसला नव्हता. शोभाला दिसला होता का, ते मी विचारलं नाही. तिनं डबा फडक्यानं पुसला, गहू भरले आणि माझ्या हातात दिला.

"मीच नेऊ?"

"मग कोण? सल्लागार पाठवू?"

रतनबाईंनी डबा हातात घेऊन जरा निरखला. झाकणावर एका बाजूला पोचा आहे, तो कधीचा ते त्यांनाच माहीत असावं.

"वैनींचा डबा," त्या म्हणाल्या. "लई दिसांनी आला."

एवढंच.  त्यांनी खडूनं झाकणावर रांगेतला नंबर लिहिला, अकरा, आणि डबा रांगेत लावला. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. घाई नव्हती.